एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल: किती झेपतं, कुठे नडतं

एका १८६५० सेलवर (गोल लिथियम सेल) ५ व्होल्टचं काही चालवायचंय म्हटलं की पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, बहुतेक वेळा व्होल्टेज चढवून देणारी एमटी३६०८ची हीच निळी पट्टी हातात पडते. स्वस्त आहे, कामाचीही आहे. फक्त तिच्यावर सांगितले जाणारे ‘२ अँपिअर’ मनावर घेऊ नका. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तरी ३.२ व्होल्टवर उतरलेल्या सेलमधून ३.७ अँपिअर ओढावे लागतात, आणि आयसीतल्या स्विचची मर्यादाच ४ अँपिअर. ५०० मिलीअँपिअरला मात्र सेलवर जेमतेम ०.९ अँपिअर येतात. तेवढं आरामात निघतं.

खरी गोम प्रीसेटमध्ये, म्हणजे आउटपुट ठरवणाऱ्या स्क्रूच्या रेझिस्टरमध्ये आहे. फीडबॅकला (आउटपुट किती आहे ते आयसीला सांगणाऱ्या पिनला) ०.६ व्होल्टचा संदर्भ, विभाजकात खाली २.२ किलोओहम, वर १०० किलोओहमचा प्रीसेट. तो टोकाला असेल तर हिशेब २८ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून लोड न जोडता, मीटर लावूनच फिरवा, घड्याळाच्या उलट दिशेने. दहा-पंधरा फेरे झाले तरी आकडा ढिम्म हलत नाही. तेवढ्यावरून मॉड्यूल बाद ठरवू नका. पुढे धक्क्याने प्रीसेटचा संपर्क सुटला की आउटपुट उसळतं आणि पुढचा बोर्ड जळतो. कायमस्वरूपी कामाला प्रीसेट काढून १६ किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, ४.९६ व्होल्ट मिळतात.

आउटपुट शॉर्ट झालं तर वाचवणारं आत काही नाही. कॉइल आणि डायोडमधून करंट थेट वाहतो, आयसी बंद असला तरी. सेलला प्रोटेक्शन असलेला टीपी४०५६ चार्जर हवाच.

महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या सेन्सरला हे घेऊ नये. नुसता फीडबॅकचा विभाजकच सेलमधून सुमारे ०.४ मिलीअँपिअर पितो, आयसीचं वेगळं. दोन्ही मिळून २००० मिलीअँपिअर-तासांचा सेल पाच-साडेपाच महिन्यांत काही न करता संपेल. तिथे एमसीपी१६४० हा बूस्ट आयसी बरा: स्वतःचा खर्च १९ मायक्रोअँपिअर, ०.६५ व्होल्टवर सुरू होतो, म्हणजे एका पेन्सिल सेलवरही. मात्र ३.३ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना ३५० मिलीअँपिअरच्या आसपासच थांबायचं.

‘जास्त दमदार’ म्हणून एक्सएल६००९ हा आणखी एक बूस्ट आयसी गळ्यात मारला जातो. डेटाशीटप्रमाणे त्याला इनपुटलाच ५ व्होल्ट लागतात. एका लिथियम सेलला तो निरुपयोगी.