कील्डर फॉरेस्ट, नॉर्थम्बरलँड: तोड चालू असलेल्या जंगलात फिरायचं तर

इंग्लंडमधलं हे सर्वांत मोठं लावलेलं जंगल सरकारी मालकीचं आहे आणि १९२६ पासून ते लावलं गेलं ते लाकडासाठीच. हे ठाऊक नसलं की विरस ठरलेला: वळणापलीकडे अख्खा उतार बोडका, नुसते बुंधे आणि फांद्यांचा खच. यात हलगर्जीपणा नाही. झाडं बहुतेक सिटका स्प्रूस, जमीन पाणथळ. मुळं खोल न जाता थाळीसारखी पसरतात. विरळणी केली, म्हणजे मधली काही झाडं काढली, की उरलेल्या झाडांत वारं घुसून ती आडवी होतात, म्हणून बराचसा भाग वाढ पुरी झाल्यावर एकदमच तोडतात. तोडीनंतर काही पट्टे दोन-चार वर्षं रिकामे दिसतात, कारण ताज्या बुंध्यांत पाइनचा सोंडकिडा वाढतो आणि लगेच रोपं लावली तर त्यांची साल कुरतडून ती मारतो.

नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात इथलं बरंच जंगल पडलं. झाडांना सवय नैऋत्येच्या वाऱ्याची, हे वादळ आलं उलट्या बाजूने. पडझडीच्या भागात अजिबात शिरू नका. खोड कापलं गेलं की मुळांची उभी थाळी अचानक मागे आपटते. ओंडक्यांच्या थप्प्यांवर मुलांना चढू देऊ नका. त्या बांधलेल्या नसतात. यंत्र चालू दिसलं तर लांबच थांबा, चालकाने पाहून खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'रस्ता बंद'ची पाटी रविवारीही पाळायची.

जंगलातल्या कील्डर वॉटर या जलाशयाभोवतीची लेकसाइड वे ही २६ मैलांची वाट मात्र उत्तम राखली आहे. खडीची, पक्की, पायी आणि सायकलला सारखीच सोयीची. चढउतार आणि एकांत उत्तर किनाऱ्याला जास्त. तिथे खाण्यापिण्याची सोय नाही, मोबाइलला रेंजही भरवशाची नाही, तेव्हा पाणी, पंक्चरचं सामान आणि कागदी नकाशा जवळ हवाच.

लाल खारी बघायच्या तर सकाळी लवकर या. सिटकाचं बी बारीक, त्यावर लाल खारींना हुसकावणाऱ्या करड्या खारींचं फारसं भागत नाही, म्हणून लाल खारी इथे टिकल्यात. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चिलटं तुटून पडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डबा खायला उघड्या, वाऱ्याच्या जागी बसा. कील्डर ते बायरनेस या गावांदरम्यान फॉरेस्ट ड्राइव्ह हा १२ मैलांचा कच्चा रस्ता जंगलातून जातो, पण तो हिवाळ्यात गाड्यांना बंद असतो.