रिकामी पिकअप आणि माझी कंबर: आठ महिने, चौदा हजार किलोमीटर

आमची दीड टनी पिकअप भरलेली असली की तिच्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही. ओतूरहून साठ क्रेट टोमॅटो घेऊन रात्री निघालं की माळशेज उतरून टोकावडे, मुरबाड करत कल्याणच्या मार्केटपर्यंत ती डुलत डुलत येते. त्रास परतीचा. हौदा रिकामा झाला की तीच गाडी मागून लाथा मारायला लागते. खड्ड्यांचं सोडाच, डांबराचं नुसतं ठिगळ असलं तरी कमरेला कळतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मणक्याचा फोटो बघून सांगितलं, गाडी चालवणं कमी करा. तोडा आलेल्या टोमॅटोला हे कोण सांगणार? मग गाडीच्याच मागं लागलो.

गाडीला पुढं-मागं दोन्हीकडं कमानपाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांवर गाडी तोललेली असते. काम काढलं तेव्हा ती ९२ हजार किलोमीटर चालली होती. त्यानंतरचे आठ महिने आणि चौदा हजार किलोमीटर, त्यात एक पूर्ण पावसाळा, एवढ्या वापरावर हे लिहितोय.

सुरुवात चुकीनं झाली. एका मिस्त्रीनं सल्ला दिला, "भाऊ, मधला एक पाटा काढून टाकू, गाडी पाण्यावानी चालंल." मी भुललो. रिकाम्या गाडीत फरक पडलाही, खोटं कशाला बोलू. पण माल भरला की गाडी मागून बसायची, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यावर पडायचे आणि घाटात समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. खड्ड्यात एक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळायचा, तो आवाज ऐकून पोटात गोळा यायचा. सात पाट्यांचं ओझं सहा जणांवर आलं की प्रत्येकाला जास्त वाकावं लागणार. मेन पाटा माळशेजच्या वळणावर तुटला तर काय, या विचारानं झोप उडाली. वीस दिवसांत पाटा परत बसवला. मजुरी दोन्ही वेळची गेली.

त्यानंतर एका जुन्या पाटेवाल्याकडं गेलो. हा माणूस दुसरं काही करतच नाही, पाटे उघडतो, ठोकतो, बसवतो. गाडीखाली आडवा होऊन त्यानं पाट्यांमधून पातळ पत्रा सारून बघितला. तो सरकेना. म्हणाला, "सात पाटे कुठं आहेत मालक, गंजून एक झालाय."

तिथं मला हे प्रकरण पहिल्यांदा समजलं. पाटे दीड टनाच्या हिशोबानं केलेले असतात. गाडी रिकामी असली की ते मुळात फार दबतच नाहीत. त्यात पाटे एकमेकांवर घासतात, आणि बारीक गचक्याचं बळ ते घर्षण मोडायलाही पुरत नाही. मग लहान खड्ड्यात पाटा वाकतच नाही, गचका सरळ चासीत जातो. मोठ्या खड्ड्यात मात्र पाटे हलतात. मला नेहमी नवल वाटायचं, की मोठ्या खड्ड्यापेक्षा खडबडीत रस्ताच जास्त का छळतो. ते त्यामुळं.

पाटे उघडले, तारेच्या ब्रशनं घासले, ग्रॅफाइट ग्रीस लावलं आणि टोकांना नायलॉनच्या पट्ट्या टाकल्या. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घातले. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे, बुश काढले तर रबर एका बाजूनं चपटं होऊन लोखंड लोखंडाला लागत होतं. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, असं दुकानदार सांगत होता. पण ते रबरापेक्षा कडक, मला तर मऊपणा हवा होता, म्हणून साधे रबरीच घेतले. सगळं मिळून साडेतीन हजार. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या. माझे चारही जण थोडे थोडे ढिले निघाले होते.

पहिल्याच परतीला फरक जाणवला. बारीक खडखड निम्म्यावर आली. पण नवीनच खोड निघाली: गतिरोधकावरून गेलं की गाडी दोन-तीनदा वरखाली झुलत राहायची. पाटेवाल्याला फोन केला तर तो हसला. गंजलेले पाटे घासून घासून झोका थांबवायचं कामही करत होते. ग्रीस लावल्यावर ते काम एकट्या शॉकअपवर आलं, आणि शॉकअप तर केव्हाच मेले होते. काढून हातानं दाबून बघितले. एक सायकलच्या पंपासारखा आत-बाहेर होत होता, दुसऱ्याच्या अंगावर तेलाचा ओघळ. मागची जोडी गॅसची घेतली, मजुरीसकट पाच हजारांच्या आत. साध्या शॉकअपमधलं तेल खराब रस्त्यावर सारखं हलून फेसाळतं आणि मग त्याचा जोर कमी होतो. गॅसच्या दाबानं तेल फेस कमी धरतं. पैसे एकाच कामाचे असतील तर ग्रीसचं आधी करू नका. पाटे आणि शॉकअप बरोबरच करावेत.

आता हवा. पंक्चरवाला न विचारता मागं ६५-७० पीएसआय मारतो, कारण पिकअप म्हणजे भरलेलीच असं त्यानं धरलेलं असतं. माझ्या गाडीच्या स्टिकरवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे आहेत. ते मी सहा वर्षांत एकदाही वाचलेले नव्हते. कल्याणला माल उतरला की मी मागची हवा ६५ वरून ४२ वर आणतो. सगळ्या कामांत सर्वांत फुकट आणि सर्वांत मोठा फरक याचाच. पण परत भरायचं तेवढंच जिकिरीचं आहे. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर घेतला, तो एका टायरला आठ-नऊ मिनिटं घेतो. पहिले दोन महिने नेमानं केलं, मग आळस आला. एका रात्री चुलतभावानं कमी हवेतच पासष्ट क्रेट भरले. घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो, टायरला हात लावला तर चटका बसला. कमी हवेच्या टायरची बाजू सारखी मुडपून आतून तापते, आणि तसं टायर घाटात फुटलं असतं तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून कंप्रेसर चावीच्या कडीला बांधल्यासारखा सीटजवळच असतो, आणि हवा बघितल्याशिवाय पहिला क्रेट चढत नाही. ज्याची गाडी चार माणसं चालवतात, त्यानं हा उपाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिकामे क्रेट परत येतातच, साठ क्रेटचं वजन शंभरएक किलो. आम्ही ते उतरवायला सोपं म्हणून मागच्या फाळक्याला लावून रचायचो. आता केबिनला टेकवून रचतो आणि दोरीनं आवळतो. वजन एक्सलच्या मागं लटकलं की पुढचा भाग हलका होऊन गाडी नाक वरखाली करते. केबिनकडं आणल्यावर ते थांबलं. यासाठी एक रुपया लागला नाही, फक्त हमालांशी चार दिवस वाद.

खरी परीक्षा मात्र रोपांच्या ट्रेनं घेतली. नर्सरीतून टोमॅटोची रोपं आणायची म्हणजे वजन काहीच नाही, आणि नाजूक इतकं की मागच्या हंगामात घरी पोचेपर्यंत कोकोपीट उडून ट्रेच्या मागच्या ओळीतली रोपं आडवी झालेली असायची. या वेळी पाटे, शॉकअप आणि कमी हवा असताना आणली. मागच्या दोन-तीन ट्रेंत थोडं कोकोपीट सांडलं, बाकी रोपं उभीच्या उभी. आईनं खाली उतरवताना विचारलं, "नवीन गाडी आणलीस का?"

सीटवर मी दोनदा पैसे घालवले. सोफ्यावाल्याकडून चार इंची मऊ फोम बसवला. दुकानात बसायला गादी, आणि पन्नास किलोमीटरनंतर खाली पत्रा लागायचा. शिवाय उंची वाढून क्लच दाबताना मांडीला रग लागायची. बसलेल्या माणसाचं अंग सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या वरखाली हिसक्यांना सर्वांत जास्त ताणतं, आणि मऊ फोम काही हिसके उलट वाढवतो. दुसऱ्यांदा जास्त घनतेचा, दोनच इंची फोम आणि कमरेपाशी उंचवटा करून घेतला. अठराशे रुपये, हे मात्र वसूल झाले.

एक्सल आणि चासीच्या मध्ये बसवायचं हवेच्या फुग्यांचं किट बरेच जण सुचवतात. विमावाल्याला विचारलं तर त्यानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आठवण करून दिली. कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल केला तर अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो. मी नाद सोडला. गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफरही एक दुकानदार गळ्यात मारत होता. कमानपाट्याच्या गाडीत ते घालायचे कुठं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पावसाळ्यानंतर पाट्यांत परत चिखल बसलाय. नायलॉनच्या पट्ट्या ठीक आहेत, पण ग्रीसवर धूळ चिकटून कुरकुर सुरू झाली आहे, म्हणजे वर्षातून एकदा तरी हे काम काढावं लागणार. पुढचे पाटे अजून उघडलेले नाहीत, आणि केबिन जवळपास त्यांच्यावरच असल्यामुळं उरलेला गचका तिथूनच येतो. पाटेवाल्यानं दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. तोपर्यंत मुरबाडच्या पुढं रस्ता उखडला की मी अजूनही सीटवरून अंग थोडं उचलून घेतो.