गेम बॉयसाठी स्वतः गेम लिहिताना: जीबी स्टुडिओ, जीबीडीके आणि आरजीबीडीएसचा काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने मी मूळ गेम बॉयसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या, १९८९ सालच्या चार छटांच्या यंत्रासाठी, छंद म्हणून गेम लिहिते आहे. सुरुवात जीबी स्टुडिओपासून केली, मग जीबीडीके-२०२० वापरून सी भाषेत लिहू लागले, आणि एक छोटा गेम आरजीबीडीएसमध्ये सगळाच्या सगळा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत, लिहिला. तिन्ही साधनं मोफत आहेत, तिन्हींचा सोर्स कोड खुला आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: थोडंफार सी येत असेल तर सरळ जीबीडीके घ्या. प्रोग्रामिंगची ओळखच नसेल तर जीबी स्टुडिओमध्ये एक लहानसा गेम शेवटपर्यंत न्या आणि पुढचं नंतर ठरवा.

या छंदात मी रमले त्याचं कारण यंत्राचा आकार. १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ केबी रॅम आणि ८ केबी व्हिडिओ रॅम, बस्स. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतं. पडद्यावर काहीतरी विचित्र दिसलं तर ते का दिसलं, याचं उत्तर शेवटी सापडतंच, कारण लपायला जागाच नाही. पॅन डॉक्स नावाचं मोफत तांत्रिक दस्तऐवजीकरण सतत उघडं ठेवा. प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक बिट त्यात इतक्या नीट मांडलेला आहे की मी कित्येकदा काम बाजूला ठेवून नुसती वाचत बसले.

जीबी स्टुडिओत कोड न लिहिता गेम तयार होतो. दृश्य काढायचं, पात्रं ठेवायची, कुठे काय घडेल त्याच्या घटना एकाखाली एक रचायच्या. वरून दिसणारा साहसी खेळ, प्लॅटफॉर्मर, शूटर असे साचे तयार मिळतात. बटण दाबलं की खरी रॉम फाइल, म्हणजे कार्ट्रिजमध्ये भरायचा अख्खा गेम, हातात येते, शिवाय ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही. संवाद आणि शोध यांवर उभा असलेला गेम मनात असेल तर याहून चांगलं काही नाही. कुंपण लागतं ते साच्याबाहेरचं काही हवं झालं की. मला पडणाऱ्या ठोकळ्यांचं एक कोडं करायचं होतं. घटना रचून ते जमतं, पण यादी इतकी लांबते की दुरुस्ती करताना जीव जातो. चित्रांवरही मर्यादा आहेत: चार छटांच्या गेममध्ये एका दृश्याच्या पार्श्वभूमीला १९२ वेगवेगळ्या टाइल, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन. सुंदर रेखाटलेलं चित्र आत टाकलं आणि टाइल जास्त झाल्याची सूचना आली, हे नेहमीचंच. तरीही ही सवय चांगली लागते, कारण टाइलमध्ये विचार करणं पुढे कुठेही गेलात तरी लागणारच.

जीबीडीकेवर आल्यावर खरी मजा सुरू झाली. आत एसडीसीसी हा कंपायलर (सीचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आहे आणि पहिला बाण पडद्यावर फिरवायला अर्धं पान कोडही लागत नाही. मात्र हे सी संगणकावरच्या सीसारखं लिहून चालत नाही. प्रोसेसर ८ बिटांचा, त्यात गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नाही. सहज लिहिलेला एक भागाकार आतून लांबलचक लूप होऊन बसतो, आणि तो दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगवला जाताना दर वेळी, चाळीसदा चालला की गेम अडखळतो. म्हणून दोनच्या घातांनी (२, ४, ८…) भागायचं, साइनची कोष्टकं आधीच करून ठेवायची, जिथे एक बाइट पुरते तिथे दोन बाइटचा इंट वापरायचा नाही. असा कोड लिहायला लागले आणि मला मोठ्या यंत्रांवरचा माझाच कोडही वेगळ्या नजरेने दिसू लागला.

रॉम ३२ केबीच्या वर गेली की बँका, म्हणजे रॉमचे १६ केबीचे तुकडे, येतात. प्रोसेसरला एका वेळी पहिली १६ केबीची कायमची बँक आणि दुसरी बदलती बँक एवढंच दिसतं. चित्रं पाचव्या बँकेत आणि चालू बँक तिसरी असली, तर पडद्यावर कचरा उमटतो. तशी खूण केलेलं फंक्शन बोलावताना जीबीडीके बँक आपोआप बदलतं, डेटा वाचताना मात्र ती आपणच बदलायची. गेमचं आकारमान वाढणार हे ठाऊक असेल तर पहिल्या दिवसापासून बँका धरून लिहा.

स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर मोकळेपणाने हलणारी छोटी चित्रं, हा या यंत्राचा सगळ्यात रंगतदार भाग. एकूण ४०, पण एका आडव्या रेषेवर फक्त १०. सोळा पिक्सेल रुंद पात्राला रेषेवर दोन लागतात, म्हणजे पाच पात्रं शेजारी उभी राहिली की कोटा संपला. सहावं दिसतच नाही. उपाय जुनाच आहे: स्प्राइटांच्या तक्त्यातला क्रम दर फ्रेमला फिरवायचा, म्हणजे आळीपाळीने सगळीच दिसतात, थोडी लुकलुकत. आणि गंमत अशी, की मूळ गेम बॉयचा पडदा इतका सावकाश बदलतो की संगणकावर डोळ्यांना टोचणारी ती लुकलुक खऱ्या यंत्रावर बरीच विरघळते. त्याच संथपणामुळे वेगाने सरकणारी पार्श्वभूमी मात्र पुसट होते, तेव्हा बारीक नक्षी तिथे वाया जाते.

मला गेममध्ये मराठी संवाद हवेच होते. तयार फाँट बहुतेक ८ बाय ८च्या रोमन अक्षरांचे, एका टाइलला एक अक्षर. देवनागरीचं तसं नाही. वर वेलांटी नि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. आठ पिक्सेल उंचीत ‘र्‍हस्व’ लिहून बघा! मी ओळीला १६ पिक्सेल उंची दिली, अक्षरांची जोडणी संगणकावरच एका स्क्रिप्टने करून घेतली, आणि वाक्यं आकारांच्या क्रमांकांच्या रूपात रॉममध्ये भरली. गेममध्ये ते आकार रुंदीनुसार एकमेकांना चिकटवून आधी रॅममध्ये काढले जातात, मग व्हिडिओ रॅममध्ये जातात, त्यामुळे शिरोरेषा अखंड राहते. पूर्ण रुंदीची एक ओळ म्हणजे ४० टाइल, ६४० बाइट. पडदा रंगवून झाल्यावर मिळणारा मोकळा वेळ जेमतेम १.१ मिलिसेकंदाचा, त्यात साध्या लूपने एवढं सगळं जात नाही. म्हणून ओळ अनेक फ्रेममध्ये वाटली, आणि अक्षरं एकामागून एक उमटू लागली. संवादाला ते शोभतंही. या एका कामाचं समाधान मला बाकी सगळ्या गेमपेक्षा जास्त आहे. कुणी देवनागरीत करणार असाल तर जरूर करा, त्या पडद्यावर आपली लिपी फार छान दिसते.

तपासणीसाठी मी सेमबॉय, एमजीबीए आणि इम्युलिशस हे इम्युलेटर, म्हणजे संगणकावर गेम बॉयची नक्कल करणारे प्रोग्राम, वापरते. इम्युलिशसचा डीबगर (चुका शोधायचं साधन) जीबीडीकेच्या सी ओळींपर्यंत नेऊन सोडतो, त्यामुळे रोजचं काम त्यातच. पण खरं यंत्र आणि आपली रॉम भरता येणारी फ्लॅश कार्ट्रिज हे शक्य तितक्या लवकर मिळवा. चालू करताना खऱ्या रॅममध्ये काहीबाही आकडे असतात, तर काही इम्युलेटर सगळीकडे शून्य भरून देतात. सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबल तिथे निमूट चालतं आणि यंत्रावर पहिल्याच क्षणी उघडं पडतं. रंगांचंही तसंच. मधल्या दोन छटा मॉनिटरवर स्पष्ट वेगळ्या दिसतात, त्या हिरवट पडद्यावर जवळजवळ एक होतात. शत्रू आणि भिंत यांत फरक दाखवायचा तर एकाला पांढरं आणि दुसऱ्याला काळं करणं हाच खात्रीचा मार्ग.

संगीताला चार चॅनल आहेत: दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. ह्यूजट्रॅकर या संगीत रचायच्या प्रोग्राममध्ये रचना करणं शिकायला वेळ लागला, पण मिळणारा आवाज अस्सल. ध्वनिपरिणाम वाजला की संगीताचा एक चॅनल तेवढ्यापुरता जातो. हे धरूनच चाल बांधायची, मुख्य सूर त्या चॅनलवर ठेवायचा नाही.

आरजीबीडीएस सगळ्यांनी वापरायलाच हवं असं नाही. जीबीडीकेची फंक्शनं व्हिडिओ रॅम मोकळी होण्याची वाट आपली आपण बघतात. असेंब्लीत ते सगळं आपल्याकडे येतं. पण एक लहान गेम तरी त्यात लिहावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्यानंतर जीबीडीकेच्या कंपायलरने काय केलं ते वाचता येतं आणि मंद जागा लगेच सापडते.

गेम बॉय ॲडव्हान्सकडे सरळ जावं का, असं काहीजण विचारतात. २००१ सालचं ते यंत्र ३२ बिटांचं, पडदा २४० बाय १६०, आणि सी++ येणाऱ्यांना बुटानो ही लायब्ररी फार सोयीची. मोठा, रंगीत गेम डोक्यात असेल तर तिकडेच जा. मी सध्या इथेच आहे. पुढचा गेम लिंक केबलवर, म्हणजे दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेवर, दोघांनी खेळायचा करते आहे. नेहमीच्या वेगाने केबलवरून सेकंदाला साधारण १ केबी जातं, म्हणजे फ्रेमला सतराएक बाइट, आणि दोघांची बटणं एकमेकांना कळवायला दर फ्रेमला प्रत्येकाची एकच बाइट लागते.