टेक्निकल कम्युनिकेशनची ‘मास्टर्स’ आणि माझे पावणेदोन लाख

महापेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नऊ वर्षं टेक्निकल रायटर आहे. म्हणजे कुठलं बटण कधी दाबायचं आणि दाबल्यावर काय होणार, हे लिहिणारी बाई. सासूबाई शेजारीपाजारी ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगतात. इथे नोकरीचा उल्लेख मुद्दाम करतेय. दुसऱ्यांच्या मजकुरातली संदिग्ध वाक्यं शोधून लाल करायचा मला पगार मिळतो, आणि तरीही पावणेदोन लाखांच्या कागदावर मी न वाचता सही केली. सही तरी कसली, ओटीपी दिला.

एप्रिल २०२५ मध्ये आमच्याकडे डॉक्युमेंटेशन लीडची, म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांच्या प्रमुखाची, जागा निघाली. खाली लिहिलं होतं, ‘मास्टर्स असल्यास प्राधान्य’. मी ठाण्यातून केमिस्ट्रीत बीएस्सी केलेली. या धंद्यात बहुतेक सगळे असे आडवाटेनेच येतात, कोणी इंग्रजी साहित्यातून, कोणी इंजिनिअरिंगमधून. आपल्याकडे टेक्निकल कम्युनिकेशन या विषयाची रीतसर एमए शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. अमेरिकेत आहे, टेक्सास टेकसारख्या विद्यापीठात तर घरबसल्या ऑनलाइनही करता येते, पण डॉलरमधल्या फीचा गुणाकार केला आणि लॅपटॉप मिटला. मी नेमकं काय शोधतेय हे तोवर कोणाला तरी कळलं असावं. दोन दिवसांत फोनवर त्याच विषयाच्या जाहिराती, आणि तिसऱ्या दिवशी कॉल.

“नमस्कार ताई, मराठीत बोललं तर चालेल ना? मी पण डोंबिवलीचाच.”

इथेच मी अर्धी विरघळले. एरवी असे कॉल हिंदीत येतात आणि मी ते कापते. याच्याशी वीस मिनिटं बोलले. रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून वाशीला त्याच्या संस्थेच्या ऑफिसात गेलेसुद्धा. काचेची केबिन, कडक एसी, भिंतीवर चौकोनी टोप्या उडवणाऱ्या पोरांचे फोटो. कोर्स बारा महिन्यांचा, शनिवार-रविवार ऑनलाइन, नाव ‘एक्झिक्युटिव्ह मास्टर इन टेक्निकल कम्युनिकेशन’. फी १,८५,०००. दहा हजार भरून सीट पक्की करायची, आणि ‘सवलत आज रात्री बारापर्यंतच’.

ब्रोशर इंग्रजीत होतं. त्यातली तीन वाक्यं मराठीत सांगते. ‘यशस्वी विद्यार्थ्यांना मास्टर्स प्रदान करण्यात येईल.’ ‘अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या सहयोगाने आखण्यात आला आहे.’ ‘प्लेसमेंटसाठी साहाय्य पुरवले जाईल.’

शाळेत व्याकरणाच्या बाई कर्ता शोधायला शिकवायच्या : क्रियापदाला ‘कोण?’ विचारा. प्रदान कोण करणार? आखला कोणी? पुरवणार कोण? तिन्ही वाक्यांत कर्ता गायब. आमच्या कामातला तर हा पहिला धडा, की कृती कोणी करायची ते लिहा, नाहीतर वाचणारा बटणाकडे बघत बसतो. नव्या मुलांच्या मसुद्यात असं वाक्य आलं तर मी लगेच परत पाठवते. इथे मान डोलावली. घरी नवऱ्याने ब्रोशर उलटसुलट करून विचारलं, “पण यात विद्यापीठाचं नाव कुठे आहे?” मी म्हटलं, “तुला यातलं कळत नाही.” हे वाक्य त्याने अजून एकदाही परत काढलेलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

तळाला लोगोंची रांग होती. त्यात एसटीसी, म्हणजे अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन. ‘विद्यार्थी सदस्यत्व मोफत’ असंही छापलेलं. ही संस्था १९५३ पासूनची, आमच्या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली. जानेवारी २०२५ मध्ये ती दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली. ती बातमी मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर वाचली होती, वर रडका इमोजीही टाकला होता! मे महिन्यात तोच लोगो समोर आला आणि डोक्यात काही हललं नाही. लोगोंची रांग वाचायची नसते, फक्त बघायची असते, म्हणून तर ती छापतात.

उरलेल्या १,७५,००० साठी ‘नो कॉस्ट ईएमआय’, महिना ७,२९२, चोवीस महिने. एक लिंक आली, पॅन, आधार, सेल्फी, ओटीपी. पोरगा समोर बसून ‘हे फक्त व्हेरिफिकेशन आहे ताई’ म्हणत होता. ते कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर घेतलेलं आणि थेट संस्थेच्या खात्यात गेलेलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा डिजिटल कर्जाचा सगळा तपशील एका पत्रकात द्यावा लागतो, आणि दंड न भरता, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून बाहेर पडायला थोडी मुदतही द्यावी लागते. पत्रक मेलवर आलं होतं. माझ्या कर्जात ती मुदत तीन दिवसांची होती. मी मेल उघडला चौथ्या महिन्यात.

वर्ग सुरू झाले एकोणीस दिवसांनी. लाइव्ह म्हणून सांगितलेले बरेचसे रेकॉर्डेड निघाले. डीआयटीए, म्हणजे मजकूर छोट्या तुकड्यांत मांडायची पद्धत, शिकवताना कन्सेप्ट, टास्क, रेफरन्स ही विभागणी बरोबर सांगितली, पण स्लाइड्स फुकट मिळणाऱ्या ठिकाणांहून उचललेल्या. एपीआय डॉक्युमेंटेशनचा, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी कशी बोलतात ते लिहिण्याचा, भाग ‘लवकरच’. तरी मी तक्रार केली नाही. पदवीशी मतलब, शिकायचं ते नोकरीत शिकलोय, असा हिशेब.

खटकलं ते एका असाइनमेंटमुळे. घाईत मी चुकीची फाइल पाठवली. पायऱ्या उलटसुलट असलेली, पासवर्ड बदला दुसऱ्या पायरीत आणि लॉगिन करा चौथ्या. ही फाइल मी ट्रेनींना चुका शोधायला देते. दहापैकी नऊ गुण आणि शेरा ‘एक्सलंट फ्लो’.

त्या रात्री पहिल्यांदा ते ब्रोशर मी कामाचा मसुदा वाचावा तसं वाचलं. मग विद्यापीठाचं नाव लेखी मागितलं. आठवडाभर टोलवाटोलवी झाल्यावर युरोपातल्या एका विद्यापीठाचं नाव आलं. त्यांच्या कुलसचिव कार्यालयाला मेल केला. दोन दिवसांत उत्तर : अशा कोणत्याही भारतीय संस्थेशी आमचा करार नाही.

जे मला दहा मिनिटांत कळलं असतं ते असं. १९५६ च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना असतो, वाशीच्या गाळ्यातल्या प्रायव्हेट लिमिटेडला नाही. ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी द्यायची तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या यादीत विद्यापीठही हवं आणि तो अभ्यासक्रमही. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. माझ्याकडे सेल्फीसुद्धा मागितला, हा आयडी कोणी मागितला नाही.

पैसे परत मागितले तर म्हणे मुदत सात दिवस, आणि ती पहिल्या लॉगिनपासून. लॉगिन त्यांनी पैसे भरले त्याच संध्याकाळी ‘सहज बघून घ्या’ म्हणून करायला लावला होता. फायनान्स कंपनीचं म्हणणं, कोर्सचं तुमचं तुम्ही बघा, कर्जदार तुम्ही. हप्ता थांबवला तर सिबिल बिघडणार आणि आम्हाला कासारवडवलीच्या फ्लॅटचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचंय, म्हणून भरतेच आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून संस्थेला विचारणा गेल्यावर पहिल्यांदा त्यांचा फोन स्वतःहून आला, चाळीस हजार घ्या आणि विषय संपवा. नाही म्हटलं. आता प्रकरण ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. संस्थेच्या वकिलाने उत्तर दिलंय की आम्ही शैक्षणिक संस्था आहोत, विद्यापीठं ग्राहक कायद्यात येत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. निकाल आहेत खरे. पण तुम्ही विद्यापीठ आहात का, हाच तर माझा प्रश्न आहे.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर ४१ जण होते, ठाणे, कल्याण, पनवेलकडचे. मी सगळं लिहून टाकलं तर अॅडमिनने मला काढलं. एकेकाला वेगळा फोन केला, सहा जण तक्रारीत आले. बाकीच्यांना वाटतं, गप्प राहिलो तर निदान प्रमाणपत्र तरी मिळेल. कळव्याच्या एका मुलाने बायोडेटात ‘एमए, चालू’ असं लिहून ऐरोलीतल्या दोन कंपन्यांत अर्जही केलेत. त्याला सांगितलं, काढून टाक ते, कंपन्या पदव्या पडताळून बघतात, लागलेली नोकरी जाईल.

तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पण ताई, हप्ता तर मी भरतोय ना?”