बिडाचा तवा: वैशाखापासून दिवाळीपर्यंत वापरल्यानंतर

बिडाचा तवा घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात घ्या, घर शाकारायच्या दिवसांत. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात मृगाच्या आधी सगळ्यांची एकच धांदल असते: वानरांनी फोडलेली कौलं बदलायची, वाळवी लागलेल्या रिपा काढायच्या, आढ्यावरची कौलं पक्की करायची. स्वयंपाकघरावरचं छप्पर उघडं पडलं की चूल परसात जाते, तीन दगडांवर. नवा तवा तयार करायला याहून चांगली जागा नाही. सुरुवातीला तो इतका धूर सोडतो की बंद खोलीत डोळे उघडवत नाहीत.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, म्हणून ते कडक आणि तितकंच ठिसूळ. फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, तुकडाच पडतो. घेताना तवा बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर चीर असण्याची शक्यता असते. वर पट्टी आडवी धरूनही बघा. आमच्या तव्याला मधोमध बारीकसा उंचवटा आहे आणि घावनाचं पातळ पीठ कडेला पळतं. विकणाऱ्यानं "वापरून वापरून बसेल" असं सांगितलं होतं. बीड बसत नसतं. ही तक्रार आजही आहे.

तयार करायची रीत अशी. राखेनं घासून धुवायचा, विस्तवावर पूर्ण कोरडा करायचा, मग जवसाच्या तेलाचा हात फिरवून लगेच फडक्यानं पुसून काढायचा. पुसायला कंटाळू नका. तेल जाड राहिलं तर तवा चिकट होतो, काळा होत नाही. धूर यायचा थांबेपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा तेच. तापलेलं तेल लोखंडावर घट्ट धरतं आणि त्याचा टणक थर होतो. पीठ सुटतं ते या थरामुळे. पहिले काही दिवस त्यावर नुसते कांदे परतावेत.

तरीही ज्येष्ठात आमचे घावन चिकटत होते. श्रावण लागेपर्यंत तवा वळणावर आला. आता आंबोळीचं पीठ ओतलं की आधी चर्र आवाज, मग जाळी पडते, झाकण काढेपर्यंत कड तांबूस होऊन आपोआप उचलली जाते. उलथणं नुसतं खाली सारायचं. तांदूळ, उडीद आणि चिमूटभर मेथीची ही आंबोळी, वर रंजका, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा, आणि लोणी. अशी न्याहारी केलेला माणूस दुपारपर्यंत भुकेचं नाव काढत नाही. नाचणीची आंबोळी नॉनस्टिकवर नेहमी गिजगिजीत व्हायची, इथं ती खरपूस होते. थालीपिठाबद्दल तर बोलायलाच नको.

हा तवा तापायला वेळ लागतो, हे मात्र खरं. आम्ही आधी तवा मध्यम आचेवर ठेवतो आणि मग शेंगाची चटणी कुटायला घेतो. पण एकदा तापला की धग धरून ठेवतो, पहिली आंबोळी आणि शेवटची आंबोळी एकाच रंगाची उतरते. टोमॅटो, चिंच असलं आंबट त्यावर शिजवू नका, थर जातो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. तापलेल्या तव्यावर गार पाणी तर कधीच ओतू नका, तडकेल.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की घरातलं मीठसुद्धा पाझरतं. एका संध्याकाळी धाकट्या जावेनं तवा साबण लावून मोरीत ठेवला, सकाळी तांबडा झालेला. आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "साबण कशाला लावूलीस गे?" आणि जाडं मीठ घेऊन घासायला बसल्या. गंज गेला, तेलाचे दोन हात दिले, दुसऱ्या दिवशी घावन निघाले. तेव्हापासून तवा धुतला की विस्तवावर सुकवून, तेलाचं बोट पुसून, चुलीच्या वरच्या खुंटीला टांगतो. कपाटात ठेवत नाही.

नॉनस्टिकचा लेप २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो, आणि एकदा गेला की तवा टाकायचा. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशननं ज्या कौलांचा कारखाना काढला, त्या घडणीची कौलं इकडच्या घरांवर अजून आहेत, कारण एक फुटलं तर तेवढंच बदलता येतं. या तव्याचंही तसंच आहे. थर गेला तर घरच्या घरी पुन्हा चढतो.

रोज सकाळी तव्यावरचं काही होत असेल तर डोळे झाकून घ्या. महिन्यातून एकदा घावन करणाऱ्या घरात तो गंजतच राहील. मनगट दुखणाऱ्या बायकांनी मोठा तवा घेऊ नये, आमचा तवा उचलताना भरलेला हंडा उचलणाऱ्या आत्तींनाही दोन्ही हात लावावे लागतात. मनगट दुखणाऱ्यांनी आठ इंची, दोन्ही बाजूंना कान असलेला बघावा.