जुनं हॉर्नबी इंजिन: रिंगफील्ड मोटर साफ करायची की सीडी मोटर बसवायची?

टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात) रिंगफील्ड ही हॉर्नबीची मूळ गोल मोटर असलेल्या जुन्या ओओ गेजच्या (१६.५ मिमी रुळांवरच्या) हॉर्नबी मॉडेल रेल्वे इंजिनांबद्दल बरेच जण विचारतात, की मोटरचं सर्व्हिसिंग करू का सरळ जुन्या सीडी प्लेअरमधली छोटी मोटर टाकू. मी दोन्ही केलंय आणि माझं मत, आधी साफ करून बघाच. माझ्याकडचं एक इंजिन नुसतं गुरगुरायचं, हलायचं नाही, उघडलं तर कम्युटेटर (ब्रश घासतात तो मोटरचा फिरणारा तांब्याचा भाग) काळाकुट्ट आणि त्याच्या तीन फटींत कार्बनची भुकटी ठासून भरलेली. टूथपिकने फटी कोरल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, ब्रश (वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बदलले, बेअरिंगला तेलाचा अगदी एकच थेंब, आणि पळायला लागलं की हो! तेल जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं आणि परत तीच बोंब.

सीडी मोटर मात्र शांत चालते, करंट कमी खाते आणि अगदी हळू सुद्धा छान सरकते, शंटिंगला (डबे हळूहळू मागेपुढे हलवायला) तर मस्तच. पण ती ५-६ व्होल्टची असते, रुळांतल्या १२ व्होल्टवर सुसाट सुटते, म्हणून रेझिस्टर लावा नाहीतर डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम देऊन इंजिन चालवायची पद्धत) असेल तर डिकोडरमध्ये (ते हुकूम वाचणाऱ्या इंजिनातल्या छोट्या सर्किटमध्ये) कमाल वेग कमी करा.

डीसीसी करायचंय तर सीडी मोटर सोपी पडते, कारण रिंगफील्डचा एक ब्रश सहसा चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो, विसरलात तर डिकोडर जळतो.

वडिलांनी घेतलेलं इंजिन असेल तर मी मूळ मोटर काढणार नाही, तो घरघर आवाजच तर हवा असतो.