खाडीकाठच्या घरासाठी बारीक जाळीची मच्छरदाणी

डासांपुरती साधी मच्छरदाणी चालते. पण कोकणात खाडी-मिठागरांजवळ खरा वैताग चिलटांचा. १ ते ३ मिमीचा जीव, नेहमीच्या १.२ मिमी भोकांतून आरामात आत शिरतो. या बारीक जाळीच्या मच्छरदाणीची भोकं ०.६ मिमीची, त्यामुळे तो प्रश्न मिटतो. तोटा मोठा आहे: हवा अडते, मे महिन्यात आत नुसता घामटा. पंखा लावाच, वाऱ्यात चिलटांना धड उडताही येत नाही.

पहाटे आणि तिन्हीसांजेला वारा पडला की ती सुटतात, तेव्हा दाणी दिवेलागणीआधीच खोचून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी खाचखळग्यांत साचलं, की आठवडाभरात डासही वाढतात.

चेनच्या टोकाशी बोटभर फट राहते. एवढ्या किमतीत हे शोभत नाही. कापडाची पट्टी शिवून घ्या.